नानांची पावलं आणि डांबरी छप्पर

माझ्या वडिलांना, नानांना, चपला कधी धड बसल्या नाहीत. कोल्हारच्या बाजारात चपलांचा दुकानदार आधी त्यांच्या पायांकडे बघायचा, मग दुकानातल्या सगळ्यात मोठ्या जोडाकडे, आणि शेवटी हसून मान हलवायचा. पावलं रुंद, बोटं एकमेकांपासून सुटी, अंगठे बाहेर वळलेले. आई म्हणायची, "देवानं मानूस घडवायला घेतला आन् पायापाशी आल्यावर बदक करायचं मनात आलं." नाना हसून भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे. पण आमच्या घरची ती भाकरी त्याच पावलांवर चालली होती. नाना छपरं करायचे. मंगलोरी कौलांची छपरं, शाळांची, चर्चची, बागायतदारांच्या घरांची. कौलारू छपरावर माणूस कौलावर चालत नाही, कौलाखालच्या रिपेवर, म्हणजे कौल ज्यावर टेकतं त्या लाकडी पट्टीवर चालतो, आणि रीप तर दिसत नाही. ती तळव्याला कळावी लागते. कौल फुटायच्या आधी बारीक कुरकुरतं, तेही तळव्यालाच ऐकू येतं. नाना डोळे मिटून आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरून दाखवायचे. आई तेव्हा पदर तोंडावर घ्यायची.

आमच्या घरात एक उलटी रीत होती. दुसऱ्यांच्या घरी गडी वर आणि बायका खाली. आमच्याकडे नाना सोडले तर वर बायकाच. उन्हाळ्यात शाकारणीला, म्हणजे सगळी कौलं काढून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवायला, हलकं माणूस लागतं. आई लग्न होऊन आली तशी छपरावर चढली आणि गुडघे गेले तशी खाली उतरली. मग तिच्या जागी मी. दहावी झाली तेव्हा लोकांच्या मुली शिवणकाम शिकत होत्या आणि मी रिपेवर पाय टाकायला शिकत होते. आजूबाजूचे लोक नावं ठेवायचे. नाना म्हणायचे, "ठिवू द्या की. त्येंचं छप्पर गळालं म्हंजी सुवार्ताच लागती त्येंला." माझं नाव सुवार्ता. आमच्या ख्रिस्ती घरांत अशी नावं असतात; शाळेत मास्तर हजेरी घेताना दर वेळी थांबून एकदा माझ्याकडे बघायचे.

घराचे आवाज आठवायला बसले की पहिला येतो तो कौलावर बोटाच्या पेराने मारलेल्या टिचकीचा. अंगणात कौलांच्या थप्प्या असायच्या आणि नाना चहा पीत एकेक कौल वाजवून बघायचे. चांगलं कौल खणकन बोलतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. आत आई हुलग्याची शेंगोळी वळत असायची, लसणाची फोडणी पडली की अंगणात शिंका सुरू. संध्याकाळी प्रार्थना, आणि प्रार्थनेच्या आधी एक गीत. नाना इतके बेसूर गायचे, की आईने एकदा सरळ सांगितलं, "तुमी नुसते ओठ हालवा. देवाला बाकीचं ठावं हाय." असं आमचं घर. त्यात भीती कधी शिरली तो दिवस मला नेमका माहीत आहे.

नानांच्या अंगठ्याला एक जखम झाली आणि ती बरी होईना. मी त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासलं, शुगर निघाली. आमच्या भागात शुगर फॅक्टरीचा भोंगा ऐकतच लोक मोठे होतात, त्यामुळे नानांना तिथेही विनोद सुचला. "उसाच्या शेजारी ऱ्हाऊन गोड झालो, डाक्टरसाहेब." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पायाला मुंग्या येतात? चप्पल पायातून निसटली तर कळतं?" नाना म्हणाले, "न्हाई, काय न्हाई. पाय झकास हायेत." मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. रोज झोपायच्या आधी नाना मला म्हणायचे, जरा माझ्या तळव्यांवर उभी राहा, मुंग्या आल्यात. हल्ली तर, "नीट हुबी ऱ्हा, अजून भार दे," असं म्हणायचे, मी पूर्ण भार दिलेला असतानाही. मला बोलता आलं असतं. मी नानांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

एसटी स्टँडवर त्यांनी मला गुडदाणी घेऊन दिली, लहान असताना घ्यायचे तशी. मी एकोणीस वर्षांची होते. म्हणाले, "आईला शुगरचं सांगू. पायाचं न्हाई सांगायचं. कारागिराचा पाय गेला म्हंजी कारागीरच गेला, सुवार्ते." मी मान हलवली. गुडदाणी तशीच हातात धरून घरी आले. त्या दिवसापासून नाना वर चढले की ते खाली उतरेपर्यंत मी त्यांच्या पायांवरची नजर काढायचे नाही. आता मलाही शुगर आहे. माझी मुलगी महिन्यातून एकदा मला डोळे मिटायला लावते आणि तळव्याला पेनाचं टोक टेकवून विचारते, "कुठे?" मी बरोबर सांगते. ती दर वेळी शाबासकी देते, आणि मला दर वेळी डॉक्टरांच्या खोलीतलं ते स्टूल आठवतं.

त्याच हिवाळ्यात आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले गावाच्या पश्चिमेला, पार डोंगरात, एका बंगल्याचं काम आलं. आमच्या दारावरून वाहणारी प्रवराच, पण तिथे ती धरणात अडवलेली आणि भोवती दाट झाडी. हिरडा, जांभूळ, करप. बंगल्याच्या मालकांना आम्ही साहेब म्हणायचो. त्यांचे भाऊ परदेशात होते, त्यांच्या घरासारखंच छप्पर साहेबांना इथे हवं होतं आणि त्याचं सामानही तिकडूनच आलं होतं. गठ्ठे फोडले तर आत डांबराच्या पट्ट्या. हातभर लांब, वरून बारीक खडीचा थर दिलेल्या, हात फिरवला तर काचकागदासारख्या खरखरीत. खाली सलग प्लायवूड ठोकायचं, त्यावर या पट्ट्या वळचणीपासून वर, एकीवर एक चढवत, खिळ्यांनी मारत जायचं. साहेब त्यांना शिंगल म्हणायचे. नाना म्हणायचे धिरडी. कारण उन्हात त्या मऊ पडायच्या, आणि तिथल्या थंडीत सकाळी वाकवायला गेलं तर पापडासारख्या मोडायच्या. मग आईचं काम ठरलं. अंगणात ऊन आलं की तिथे पट्ट्या मांडायच्या, एक बाजू तापली की उलथायच्या, आणि ऊबदार असतानाच वर पाठवायच्या. झाडाच्या सावलीत त्या एकमेकींना चिकटत नसत, म्हणून मी प्रत्येकीखाली डांबराचा ठिपका द्यायचे.

छप्पर उभं होतं, आमच्या कौलारू छपरांपेक्षा फार उभं. नानांनी विचारलं, "साहेब, येवढा उतार कशापायी?" साहेब म्हणाले, "तिकडे बर्फ घसरून पडावा लागतो." नाना म्हणाले, "हितं घसरायला आमीच हाय मग." सगळे हसलो. मी जरा उशिरा हसले.

साहेबांनी दोन जोड रबरी तळाचे बूट आणि कमरेला बांधायचा दोर आणून दिला होता. दोर नानांनी साहेब होते तोवर दोन दिवस बांधला. साहेब पुण्याला गेले आणि दोर खुंटीला गेला. बूट तर त्यांना बसण्यातलेच नव्हते, आणि बसले असते तरी त्यांनी घातले नसते. "बुटात पाय आंधळा व्हतो," हे त्यांचं वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. मी माझे बूट घातले तर ते दोन दिवस माझ्याशी तिरके बोलत होते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. या छपराखाली रीप नव्हती. सगळीकडे सारखं प्लायवूड, तळव्याला विचारायचं काहीच नाही. नाना म्हणाले, "हे छप्पर मुकं हाय बग." आणि मला वाटलं, त्यांना त्याचं बरं वाटतंय. आता त्यांचे पाय काही सांगेनात, हे त्यांना छपराच्या नावावर घालता येत होतं.

राहायला आम्ही बंगल्याच्या राखणदाराच्या घरी होतो. राखणदाराची बायको भिमाकाकू नाचणीच्या भाकरी करायची आणि संध्याकाळी अंगणात जाळ करायची. थंडी अशी, की पाण्यात हात घातला की बोटं आपली राहत नसत. एका संध्याकाळी आम्ही जाळाभोवती बसलो होतो. आई भाजी निवडत होती, नाना भिमाकाकूला कुठल्याशा चर्चच्या छपराची गोष्ट सांगत होते. लाकूड तडतडलं आणि एक निखारा उडून नानांच्या पायावर पडला, अंगठा आणि बोट यांच्या मधल्या बेचक्यात. नाना बोलतच राहिले. चर्चचं आढं किती उंच, घंटा कशी चढवली. मी निखाऱ्याकडे बघत होते. मला वाटलं आता झटकतील, आता झटकतील. मग वास आला. मी चिमट्याने निखारा उडवला. नाना थांबले, माझ्याकडे बघितलं, पाय घोंगडीखाली ओढून घेतला आणि गोष्ट पुढे चालू केली. आईने मान वर केली नाही. मला त्या वेळी जी भीती वाटली तशी आधी वाटली नव्हती, कारण आता संशय उरला नव्हता. त्या माणसाला निखारा कळत नव्हता आणि सकाळी तो तीस फुटांवर अनवाणी चढणार होता.

तरीही मी बोलले नाही. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायलाच हवं. मी रोज ठरवायचे की आज आईला सांगायचं. रोज सकाळी आई हात जोडून आमच्यासाठी म्हणायची, "बापा, वर जातील तितके खाली येऊ दे," आणि तिच्या मागून आमेन म्हणताना माझा आवाज फुटायचा नाही. तिला वाटायचं मला सर्दी झालीये. ती गूळ घालून आल्याचा काढा करून द्यायची आणि मी तो निमूट प्यायचे. नानांना दिलेला शब्द मोडायची मला जास्त भीती होती की नानांच्या पडण्याची, हे मला आजही नीट सांगता येत नाही. थोड्याच ओळी राहिल्यात, एवढं छप्पर होऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला समजावत होते.

शेवटच्या तीन ओळी आणि आढं उरलं होतं त्या दिवशी नाना माझ्या आधी वर गेले. ऊन नुकतंच पूर्वेच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूवर आलं होतं. पलीकडचं पाखं अजून झाडांच्या सावलीत होतं आणि त्यावरचं दहिवर गोठून पांढरं पडलं होतं. मी खांद्यावर ऊबदार पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन शिडी चढले, छपरावर पाय ठेवला आणि समोर बघितलं. करड्या खडीवर लाल ठिपके होते. रुपयाएवढे. एक सोडून एक पावलावर, नेहमी डाव्या बाजूला, सरळ वर आढ्यापर्यंत गेलेले. आणि आढ्यापाशी नाना, हातात ओळ आखायचं रंगाचं सूत, पाठमोरे उभे.

ते खिळे मला चांगले माहीत होते. त्यांची डोकी चपटी आणि मोठी. साधा खिळा पडला तर आडवा पडतो. हा पडला की डोक्यावर उभा राहतो, टोक वर. तसा एक नानांच्या तळव्यात शिरला होता आणि त्याच्या लोखंडी डोक्यावर ते चालत होते. आतापर्यंत खडीने धरून ठेवलं होतं. आता ते आढं ओलांडून गोठलेल्या बाजूला उतरणार होते. त्यांनी उजवा पाय उचलला. हाक मारली तर ते एका पायावर वळणार, तोही डावा. नाही मारली तर पलीकडे जाणार. मी खांद्यावरचा गठ्ठा सावरायला गेले आणि त्यातल्या पट्ट्या एकमेकींवर घासून आवाज करू लागल्या. त्या आवाजानेच नाना थांबले. उजवा पाय पुन्हा खाली ठेवला आणि मान वळवली.

त्यांनी मला बघितलं. मग माझ्या पायापासून सुरू झालेले ते लाल ठिपके बघितले. आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सुवार्ते, हलू नगं," ते म्हणाले. "तुझ्या पायात खिळा गेलाय. आगं सगळ्या छपरावर रगत हाय. तरी मी म्हनत हुतो, बुटात पाय आंधळा व्हतो. तुला कळलं बी न्हाई बग."

नानांच्या पायापर्यंत गेलेले ते ठिपके माझे असतील कसे, मी तर आत्ताच वर आले, हे त्यांच्या मनात आलंच नाही. आपल्या पायावर त्यांचा तेवढा विश्वास होता. मी पायाकडे बघून तोंड वेडंवाकडं केलं. मग म्हणाले, "व्हय नाना. लई दुखतंय. मला एकटीला न्हाई उतरता येनार."

"आलो. गठ्ठा सोडून दे. बस खाली."

"तुमीबी बसून या. मला चक्कर येतीय, तुमी हुबे दिसलात की अजून गरगरतंय."

माझ्यासाठी म्हणून ते बसले. बसून, हात टेकत, इंचाइंचाने सरकत ते माझ्यापर्यंत आले. आयुष्यात कधी कोणी त्यांना छपरावर बसून सरकताना बघितलं नव्हतं. माझ्याजवळ आल्यावर माझा हात त्यांनी गळ्यात घेतला, आणि मला त्यांच्या अंगाचा घाम लागला, एवढ्या थंडीत. ते घाबरले होते. माझ्यासाठी. शिडीवर ते माझ्या खाली राहिले; माझा एकेक पाय हाताने धरून पुढच्या पायरीवर ठेवत होते आणि लहान मुलीशी बोलावं तसं बोलत होते. "हां, हितं. आता दुसरा. न्हाई पडत तू, मी हाय ना." लोखंडी शिडी होती. त्यांचा डावा पाय पायरीवर पडला की टक असा आवाज यायचा. लोखंडावर लोखंडाचा. मला तो प्रत्येक पायरीला ऐकू येत होता. त्यांना नव्हता. त्या शिडीला बावीस पायऱ्या होत्या, आणि मी प्रत्येक टक मोजला.

खाली आई धावत आली. "काय झालं? आवो, काय झालं?" नानांनी मला दगडावर बसवलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून माझा बूट काढला. मोजा कोरडा. दुसरा बूट काढला. तोही कोरडा. माझा तळवा हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने सगळीकडे दाबून बघितलं, आणि मी रडायला लागले. आई नानांच्या मागे उभी होती. गुडघ्यांवर बसलेल्या नानांचे तळवे तिच्या समोर उघडे होते.

"आवो," ती एवढंच म्हणाली.

नाना वळून खाली बसले. डावा पाय मांडीवर घेतला. खिळ्याचं डोकं तळव्यात रुतून सपाट झालं होतं. त्यांनी नखाने ते उचललं आणि खिळा ओढून काढला. मग खिळा हातात धरून ते तसेच बसले, पायाकडे बघत. आम्हाला वाटलं कळ सोसतायत. पण ते कळ यायची वाट बघत होते. बराच वेळ बघत होते.

"दुखत न्हाई?" आईने विचारलं.

"न्हाई."

"कवापासनं?"

नानांनी खिळा दगडावर ठेवला. आईने माझ्याकडे बघितलं. "तुला ठावं हुतं," ती म्हणाली. विचारलं नाही. मी मान हलवली. मला वाटलं ती मारेल, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती आत गेली, गरम पाण्याची चरवी घेऊन आली, आधी स्वतःचं कोपर बुडवून बघितलं आणि मग त्यांचा पाय धुतला. मग फडकं घट्ट बांधलं. ती माझ्याशी पुढे महिनाभर कामापुरतंच बोलली.

नानांनी ते छप्पर सोडलं, आणि पुढे कुठल्याच छपरावर ते चढले नाहीत. हल्ली त्या बाजूला गेलं की धरणाच्या काठाने असल्या उभ्या उतारांचे कितीतरी बंगले दिसतात. मुलं पट्टे बांधून, शिट्ट्या मारत वर काम करतात, आणि मी गाडी थांबवून त्यांच्या पायांकडे बघत बसते. पण त्या दिवशी पलीकडच्या पाख्याच्या वरच्या तीन ओळी बाकी होत्या, तिथलं प्लायवूड उघडं होतं, आणि त्यावर आणखी दहिवर पडून चाललं नसतं. चहा झाल्यावर नाना म्हणाले, "किती ऱ्हायलं?"

"तीन वळी. आन् आढं."

त्यांनी रंगाचं सूत माझ्या हातात दिलं. "दोर बांधून जा," म्हणाले. खुंटीवरचा दोर त्यांनी स्वतः काढून आणला आणि माझ्या कमरेला गाठ मारली, मग ती सोडून पुन्हा मारली. आई आत निघून गेली.

मी चढले. आढ्याला दोर अडकवला, पलीकडचं पाखं ऊन येऊन कोरडं होईपर्यंत थांबले, आणि काम सुरू केलं. पहिली ओळ मारून झाल्यावर खाली बघितलं. नाना एका पायावर भार टाकून शिडीपाशी उभे होते आणि त्यांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मी हसून ओरडले, "नाना, सोडा की ती, मी कवाच वर आलीय." त्यांनी मान डोलावली, पण शिडी सोडली नाही. दुपारी भिमाकाकूने त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवलं, भाकरी आणून दिली; ते स्टुलावर बसून एका हाताने जेवले. ऊन कलल्यावर शेवटचा खिळा मारून मी उतरायला पाय खाली सोडला, तेव्हाही शिडी त्यांच्या हातातच होती.